सरावाच्या लढतीत समोरचा वरचढ असेल तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्युदो, जिउ-जित्सू, कराटे, बॉक्सिंग, किक-बॉक्सिंग किंवा कुस्ती यांपैकी काहीही शिकणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांतच एक अनुभव हमखास येतो. सरावाच्या लढतीत, म्हणजे स्पॅरिंगमध्ये, असा कोणी समोर उभा राहतो की शिकलेले काहीच चालत नाही. पुढील प्रश्न त्या अनुभवाविषयीचे आहेत. मी स्वतः अनेक वर्षे वर्गातील सर्वांत हलक्या विद्यार्थ्यांपैकी एक होते, त्यामुळे काही उत्तरांत माझी मते आली आहेत. जिथे ती केवळ मते आहेत, तिथे तसे म्हटले आहे.

सहा-आठ महिने झाले, तरी मी त्याच माणसांकडून हरतो आहे. माझी प्रगती होत नाही असे समजायचे का?

तसे समजण्याची घाई करू नये. समोरचा माणूस त्या सहा महिन्यांत घरी बसलेला नसतो. तोही तितकाच सराव करत असतो, आणि तुम्ही एखादा नवा डाव बसवला की दोन-चार फेऱ्यांत त्याची तोड त्याच्या अंगवळणी पडलेली असते. दोघेही पुढे सरकल्यामुळे मधले अंतर तेवढेच राहते आणि निकालही तोच लागतो. प्रगती मोजायची तर निकाल सोडून इतर खुणा पाहाव्यात. पूर्वी अर्ध्या मिनिटात संपणारी फेरी आता तीन मिनिटे चालते का? पूर्वी तुम्ही एका डावात सापडत होता, तिथे आता त्याला दोन-तीन डाव एकापाठोपाठ जोडावे लागतात का? फेरी संपल्यावर काय घडले ते क्रमाने सांगता येते का? या खुणांपैकी एकही सहा महिन्यांत दिसली नसेल, तर प्रशिक्षकांशी बोलावे, कारण अशा वेळी बहुधा उभे राहण्याची पद्धत, तोल किंवा अंतर यांसारखी एखादी मुळातली गोष्ट पहिल्यापासून चुकीची बसलेली असते.

समोरचा वरचढ आहे म्हणजे नेमके काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि माझ्या मते बाकीच्या उत्तरांची सुरुवात इथूनच होते. कोणी वजनाने जड असतो, कोणी ताकदीने, कोणी उंचीने आणि पोहोचीने, कोणी दमसासाने, तर कोणी केवळ अनुभवाने. या पाच निरनिराळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. जड माणसाच्या खाली सापडू नये, ही पहिली काळजी. ताकदवान पण नवखा माणूस स्वतःच लवकर दमतो, म्हणून त्याच्यासमोर पहिले दीड मिनिट सांभाळले की फेरीचा रंग बदलतो. अनुभवी माणसासमोर मात्र वाट पाहून काहीही साधत नाही, कारण वाट पाहण्यात तो तुमच्याहून तरबेज असतो. ‘तो भारी आहे’ एवढ्यावर थांबलात, तर एकाचे औषध दुसऱ्याला दिल्यासारखे होते.

तंत्र पक्के असेल तर वजनाने आणि ताकदीने फरक पडत नाही, हे खरे आहे का?

नाही. हे वाक्य नव्या विद्यार्थ्यांना उत्साहाने ऐकवले जाते आणि त्यातून त्यांचे नुकसानच होते, कारण जड जोडीदारासमोर हरल्यावर सगळा दोष ते आपल्या तंत्राला देऊ लागतात.

या विद्यांचा इतिहासही वेगळेच सांगतो. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली. त्याआधी जिउ-जित्सू शिकत असताना त्यांना एका दणकट सहाध्यायासमोर काही केल्या यश येत नव्हते. आहे तेच तंत्र अधिक जोराने करत बसण्याऐवजी त्यांनी सूमोतले आणि पाश्चात्त्य कुस्तीतले डाव धुंडाळले, आणि त्या शोधातून प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवे उचलून फेकण्याचा काता-गुरुमा हा डाव त्यांच्या हाती लागला. दणकट माणसाला दणकट मानूनच त्यांनी उपाय शोधला होता. पुढे १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ज्युदोचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा वजनाच्या बंधनाविना खेळल्या गेलेल्या खुल्या गटाच्या अंतिम फेरीत सुमारे साडेसहा फूट उंचीच्या डच अँटोन गेसिंक यांनी जपानच्या अकिओ कामिनागा यांना जमिनीवर दाबून ठेवून हरवले. गेसिंक यांचे तंत्रही उत्तम होतेच. मात्र दोघांचे तंत्र तोडीस तोड असले की शरीराचा आकार बोलू लागतो. ऑलिम्पिकमधला तो खुला गट १९८४ नंतर बंद झाला आणि आज तिथे पुरुषांचे व स्त्रियांचे प्रत्येकी सात वजनगट आहेत.

दुसऱ्या बाजूचे उदाहरणही नीट पाहावे. डिसेंबर १९९४ मध्ये यूएफसी या मिश्र युद्धकलांच्या स्पर्धामालिकेतील चौथ्या स्पर्धेत, वजनगट नसताना, जिउ-जित्सू खेळणारे सुमारे ८० किलोंचे रॉयस ग्रेसी ११० किलोंहून जड असलेल्या डॅन सेव्हर्न या कुस्तीगिराविरुद्ध जिंकले. ही लढत तंत्राच्या विजयाचा दाखला म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. सांगताना राहून जाते ते असे की ग्रेसी तब्बल पंधरा मिनिटे पाठीवर, त्या वजनाखाली होते आणि मग पायांनी मानेभोवती त्रिकोणी फास आवळून त्यांनी लढत संपवली. तंत्रामुळे त्यांना आधी तग धरता आला, विजय त्यानंतर आला. हलक्या माणसाने तंत्राकडून आधी एवढीच मागणी करावी.

जिंकणे शक्यच नसेल, तर त्या फेरीत मी करायचे काय?

फेरी सुरू होण्याआधी स्वतःपुरते एक छोटे काम ठरवावे आणि फेरी संपल्यावर फक्त तेवढेच तपासावे. काम इतके छोटे असावे की ते झाले की नाही याबद्दल शंका राहू नये. उदाहरणार्थ, ‘आज उजव्या हाताची कॉलरवरची पकड त्याला बसू द्यायची नाही’, किंवा ‘पाठ भिंतीला लागायच्या आत बाजूला सरकायचे’, किंवा ‘त्याच्या प्रत्येक जॅबनंतर (पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशानंतर) माझा एक तरी जॅब जायला हवा, लागो वा न लागो’. ‘आज चांगले खेळायचे’ हे काम नव्हे, ती इच्छा झाली.

यामागे एक साधे कारण आहे. वरचढ माणसासमोर एकाच वेळी दहा गोष्टी बिघडतात, आणि दहाही सुधारायला गेले की एकही सुधारत नाही. एकीकडे लक्ष दिले की बाकी नऊ बिघडतील आणि फेरी तुम्ही हराल, हे गृहीत धरूनच मॅटवर उतरावे. हरण्याची ही किंमत जाणूनबुजून मोजलेली असल्यामुळे ती मनाला फारशी लागत नाही. एकच काम किमान चार-पाच वर्गांपर्यंत बदलू नये, असे माझे मत आहे.

जमिनीवरच्या लढतीत जड जोडीदार अंगावर आला की मला हलताच येत नाही. तिथे काय करावे?

माझ्याच एका फेरीत घडलेले सांगते. माझ्याहून वीसेक किलोंनी जड जोडीदार बाजूने छातीवर आडवा होता. त्याच्या वजनाने श्वास कोंडला आणि मी दोन्ही तळहातांनी त्याचा खांदा वर ढकलला. हात सरळ झाले आणि उजवे कोपर बरगडीपासून वीतभर सुटले. त्याने माझ्या ढकलण्याला विरोधही केला नाही. त्या वीतभर फटीत त्याने शांतपणे गुडघा सरकवला, माझा हात आपोआप डोक्याच्या दिशेने गेला, आणि तीन-चार सेकंदांत तो माझ्या पोटावर बसलेला होता. पुढे त्याने मनगट धरून खांदा पिळला तेव्हा मी टॅप दिला, म्हणजे हाताने थोपटून ‘सोड’ अशी खूण केली. टॅप खांद्यासाठी दिला असला, तरी फेरी कोपर सुटले तिथेच गेली होती. मी मात्र पुढचे कित्येक आठवडे खांद्याच्या त्या कुलपातून, म्हणजे सांधा पिळून धरणाऱ्या पकडीतून, सुटायची तोड घोकत राहिले.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली हाडांची. जड माणसाला स्नायूंच्या बळावर उचलू पाहिले की दहा सेकंदांत हात भरून येतात. कोपर बरगडीला चिकटवून एक बाहू त्याच्या मानेला आणि दुसरा कमरेच्या हाडाला टेकवला, तर तोच भार तुमच्या हाडांवरून खाली मॅटवर उतरतो. हे टेकू त्याला हलवण्यासाठी नसतात. त्यांच्या आधाराने तुम्ही स्वतः हलायचे असते: कुशीवर वळायचे, पाय रोवून कंबर मागे काढायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत गुडघा आत घालायचा. सपाट पाठीवर पडून राहिलात तर यातले काहीही होत नाही, म्हणून कूस मिळवणे हे पहिले काम. दुसरी गोष्ट वेळेची. तो स्थिर बसल्यावर सुटणे सर्वांत अवघड आणि तो जागा बदलत असताना सर्वांत सोपे, कारण त्या क्षणी त्याचे वजन दोन ठिकाणांच्या मध्ये असते. तोवर छोटे श्वास घेत, टेकू सांभाळून थांबावे. थांबणे हेही तिथे कामच असते.

उभ्याने लढताना समोरच्याची उंची आणि पोहोच माझ्याहून बरीच जास्त असेल तर?

अंतराचे तीन पट्टे डोळ्यांसमोर आणावेत. पहिला, जिथे त्याचाही हात पोहोचत नाही. दुसरा, जिथे त्याचा पोहोचतो पण तुमचा नाही. तिसरा, जिथे दोघांचेही पोहोचतात. बुटक्या लढवय्याचे सगळे नुकसान दुसऱ्या पट्ट्यात होते, आणि भीतीपोटी बहुतेक जण नेमके तिथेच घुटमळतात: पुढे जायचे धाडस होत नाही आणि पूर्ण मागे यावेसे वाटत नाही. म्हणून एक तर स्पष्ट बाहेर राहावे, नाही तर स्पष्ट आत जावे. आत जाण्याची उत्तम वेळ म्हणजे त्याचा हात ठोसा मारून परत जात असतो तेव्हाची. जाताना डोके मधल्या रेषेवरून बाजूला झालेले असावे आणि पहिला ठोसा डोक्याऐवजी धडावर असावा, कारण धड जवळही असते आणि कमी हलते. बाहेर पडताना सरळ मागे येऊ नये, तिरके निघावे. सरळ मागे येणारा माणूस लांब हाताच्या टप्प्यातून शेवटपर्यंत सुटत नाही. फिरताना त्याचा जड हात, म्हणजे जोराचा ठोसा मारणारा हात, ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध बाजूने सरकावे.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे मुहम्मद अली यांनी दोरांना टेकून, जॉर्ज फोरमन यांचे ठोसे हातांवर आणि अंगावर झेलत त्यांना दमवले आणि आठव्या फेरीत बाद केले, हे अनेकांनी पाहिलेले असते. सरावात त्याची नक्कल करू नये. तो जगज्जेतेपदाचा एकच सामना होता. तुम्हाला पुढच्या आठवड्यात पुन्हा सरावाला यायचे आहे.

मार येऊ लागला की माझे डोळे मिटतात आणि हातपाय गोठतात. हा भित्रेपणा आहे का?

नाही. चेहऱ्याकडे वेगाने काही आले की डोळे मिटणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि ती प्रत्येकात असते. ती धाडसाने जात नाही, सवयीने कमी होते, आणि सवय हळू वेगातच लागते. जोडीदाराला फक्त जॅब मारण्यास सांगावे, तोही हातमोजा कपाळाला जेमतेम टेकेल इतका हलका, आणि तुम्ही फक्त पाहायचे व अडवायचे, परत मारायचे नाही. दोन-तीन मिनिटांच्या अशा दोन फेऱ्या प्रत्येक वर्गात घेतल्या की काही आठवड्यांत फरक जाणवतो. ठोसा येताना नाकातून थोडा श्वास सोडण्याचीही सवय लावावी, कारण गोठलेल्या माणसाचा श्वास जवळजवळ नेहमी अडकलेला असतो.

जोराचा मार खाऊन ‘कणखर’ होण्याचा जो उपाय काही ठिकाणी सांगितला जातो, त्याला माझा ठाम विरोध आहे. त्यातून मिटलेले डोळे आणखी लवकर मिटू लागतात.

जोडीदार जोर कमीच करत नाही. त्याला कसे सांगावे?

आधी एकदा स्वतःकडे पाहावे. असे पुष्कळदा घडते की हलका किंवा नवखा माणूस घाबरलेला असतो, म्हणून तोच पहिल्या सेकंदापासून पूर्ण ताकदीने सुरुवात करतो; समोरचा त्याच भाषेत उत्तर देतो, आणि त्याचे उत्तर जड असल्यामुळे तेवढेच लक्षात राहते. तुम्ही वेग उतरवलात की तोही उतरवतो का, हे एका फेरीत तपासता येते.

तरीही जोर तसाच राहिला, तर फेरीच्या मध्येच थांबून साध्या शब्दांत सांगावे: ‘जरा हळू घेऊ या, मला आज बचावावर काम करायचे आहे.’ यात तक्रार नाही आणि त्याला काय करायचे ते नेमके कळते. ताकदवान माणसाला आपला जोर किती लागतो याची खरोखरच कल्पना नसते, आणि दहापैकी आठ जण ओशाळून लगेच सावरतात, असा माझा अनुभव आहे. सांगूनही जो सावरत नाही त्याच्याबरोबरची फेरी तिथेच संपवावी आणि प्रशिक्षकांना कळवावे.

एखाद्याबरोबर फेरी खेळायला नकार दिला तर चालतो का?

चालतो. कारण देण्याचीही गरज नाही. नकार देता येत नाही असा वर्ग बदलावा.

टॅप कधी द्यावा? लवकर टॅप दिला की हार मानल्यासारखे वाटते.

सुटण्याचा रस्ता संपला हे कळताच द्यावा. वेदनेची वाट पाहू नये. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या, तर दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपू शकते, आणि तोवर फारसे दुखतही नाही. टाच धरून गुडघा पिळणाऱ्या कुलपात तर वेदना पोहोचेपर्यंत गुडघ्याचे बंध दुखावलेले असू शकतात. ताकदवान जोडीदाराच्या बाबतीत ही वेळ आणखी आखूड होते, म्हणून त्याच्यासमोर नेहमीपेक्षा एक पायरी आधी टॅप द्यावा. हात अडकलेले असतील तर तोंडाने मोठ्याने ‘टॅप’ म्हणावे. १९५१ मध्ये रिओ दि जानेरो येथे जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांनी खांदा पिळून धरला असताना ब्राझीलचे जिउ-जित्सूपटू हेलिओ ग्रेसी यांनी टॅप दिला नाही आणि अखेर त्यांच्या बाजूच्या लोकांना टॉवेल टाकून लढत थांबवावी लागली. त्या कुलपाला जिउ-जित्सूत आज किमुरा हेच नाव आहे. ती दोन नामवंतांची जाहीर लढत होती. मंगळवारच्या सरावात खांदा पणाला लावण्याजोगे काहीही नसते.

डोक्याला जोराचा मार बसला तर फेरी पुरी करावी का?

करू नये. गरगरणे, डोके दुखणे, मळमळ, नजर अंधुक होणे, गोंधळल्यासारखे वाटणे किंवा क्षणभर काही न आठवणे यांपैकी एकही गोष्ट जाणवली, तरी त्या दिवशी पुन्हा मॅटवर किंवा रिंगणात उतरू नये. मेंदूला हादरा बसण्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असे नाही. बहुतेक वेळा ती हरपत नाही. डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलट्या, झटके, एकाच्या दोन वस्तू दिसणे, हातापायांत अशक्तपणा किंवा जाग न येणारी झोप ही लक्षणे दिसली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. त्यानंतर सरावाला परतणे टप्प्याटप्प्याने व्हावे आणि अंगाला अंग भिडणारा सराव डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करावा. हेल्मेटवर विसंबू नये. ते कापण्या-फुटण्यापासून बऱ्यापैकी वाचवते, पण आत मेंदू हादरणे थांबवू शकत नाही.

आठवड्यातल्या किती फेऱ्या वरचढ जोडीदारांबरोबर असाव्यात?

याला पक्का नियम नाही. माझ्या मते साधारण एक तृतीयांश पुरेशा आहेत. उरलेल्यांपैकी निम्म्या तोलामोलाच्या माणसाबरोबर आणि निम्म्या आपल्याहून नव्या माणसाबरोबर असाव्यात. फक्त वरचढांशी खेळणाऱ्याचा बचाव धारदार होतो, पण डाव टाकण्याची त्याला कधी उसंतच मिळत नाही, आणि मग एखादे दिवशी संधी समोर आली तरी हात उठत नाही. नवे डाव नव्या माणसावर बसवावेत, तोलामोलाच्यावर घासावेत आणि मगच जड माणसावर वापरून पाहावेत.

ताकद वाढवण्यासाठी वेगळा व्यायाम करावा का?

जरूर करावा. पाय, पाठ, पकड आणि मान यांची ताकद वाढली की दुखापती कमी होतात आणि दम अधिक टिकतो. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. त्यापायी वर्ग बुडवू नयेत.

वर्गात मीच सर्वांत ताकदवान आहे. माझ्याबरोबर खेळताना इतरांना काही शिकता यावे म्हणून मी काय करावे?

हा प्रश्न विचारणारा जोडीदार मिळणे हेच हलक्या विद्यार्थ्याचे मोठे भाग्य असते. पहिली गोष्ट, मुद्दाम हरू नये. दिलेला विजय समोरच्याला लगेच कळतो आणि त्यातून तो काहीही शिकत नाही. त्याऐवजी स्वतःवर अट घालावी: फेरी खालच्या, अडचणीच्या स्थितीतून सुरू करावी, डावखुऱ्या बाजूने खेळावे, किंवा फक्त एकच डाव वापरायचे ठरवावे. वेग ठेवला तरी चालतो, पण शेवटच्या क्षणी ठोसा ओढून घ्यावा आणि कुलूप पुरे न आवळता धरून ठेवावे. खाली हलका माणूस असेल तर आपले सगळे वजन त्याच्या छातीवर सोडून आराम करू नये. परस्परांच्या भल्यातून दोघांचीही वाढ होते, या अर्थाचे ‘जिता क्योएइ’ हे तत्त्व कानो यांनी ज्युदोच्या पायाशी ठेवले आहे. ताकदवान माणसाला त्याचा फायदा अगदी रोखीने मिळतो, कारण ताकदीचा आधार काढून घेतला की आपल्या तंत्रातली भोके पहिल्यांदा दिसतात.

फेरी संपल्यावर मी कुठे चुकले हेच कळत नाही; सगळे फार झपाट्याने होते. ते कसे शोधावे?

शेवटापासून उलटे चालत यावे. टॅप कशासाठी दिला? त्याआधी माझा हात कुठे होता? तो तिथे कसा गेला? सुरुवातीला दोन पावलांपेक्षा मागे जाता येत नाही आणि त्यात काही गैर नाही. अडलात तर सरळ त्या जोडीदारालाच विचारावे, ‘मी तुला कुठे सापडले?’ वरचढ माणसाला हे बहुधा लख्ख आठवते, कारण तो त्याच क्षणाची वाट पाहत असतो. त्याचे उत्तर तुम्हाला वाटले होते त्याच्या बरेच आधीचे निघते: ‘तू खांद्याला ढकललेस ना, तिथेच.’ हे वाक्य घरी जाऊन तारखेसह वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्गात त्याला पुन्हा तसेच छातीवर यायला सांगावे, अर्ध्या जोराने, आणि या वेळी खांद्याला हात न लावता कोपरे बरगडीला चिकटवून सुरुवात करावी. असे पाच वेळा करावे आणि त्यानंतरच घड्याळ लावून पुरी फेरी घ्यावी.